बेल्ट का तुटत होता: मासळी वाहणाऱ्या एका स्कूटरची तपासणी

गाडी ११० सीसीची, गिअरलेस. रोजचा वापर वरळी कोळीवाडा ते भाऊचा धक्का आणि तिथून लालबाग-परळच्या गल्ल्या. तक्रार अशी, की ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा, वर्षभरात दोनदा तुटला, सकाळी गाडी सुटताना थरथरते आणि सिग्नलवरून उचलत नाही. छोट्या टेम्पोत घालून ती माझ्या गॅरेजवर आणली मालकीणबाईंनी स्वतः, सोबत गाडी चालवणारा मुलगा. मासळीवाल्या बाईंना आमच्या परळात सगळे मावशीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. मावशींचं पहिलंच वाक्य मुद्द्याचं होतं. “मिस्त्री, नवा पट्टा टाकून देऊ नका. आधी सांगा, तो तुटतो कशानं.”

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण गिअरलेस स्कूटरचा बेल्ट आणि क्लच एकाच कव्हरखाली असूनही गॅरेजमध्ये त्यांचा विचार सुटासुटा होतो. बेल्ट तुटला की बेल्ट, क्लच जळला की क्लच. इथे दोघांचं मूळ एकच निघालं, आणि ते ना बेल्टमध्ये होतं ना क्लचमध्ये.

गाडीचा इतिहास

ही स्कूटर आधी मावशींच्या मुलीकडे होती. ती ऑफिसला जायची, डिकीत एक डबा, बाकी काही वजन नाही. कंपनीतून आलेला बेल्ट तिच्या हातात सुमारे २३,००० किलोमीटर चालला आणि तुटायच्या आत सर्व्हिसिंगमध्ये बदलला गेला. नीट वापरात ११० सीसीच्या स्कूटरचा बेल्ट २०,००० किलोमीटरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे यात वावगं काही नाही.

होळीच्या सुमारास गाडी तिच्या भावाकडे, म्हणजे या मुलाकडे, आली आणि मासळीच्या धंद्याला लागली. नवा बेल्ट सुमारे ८,००० किलोमीटर चालून दिवाळीच्या तोंडावर तुटला. त्याच्या जागी टाकलेला पुढच्या होळीच्या आत, साडेचार हजारांवरच गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. आयुष्य नुसतं कमी झालं नव्हतं, प्रत्येक वेळी आणखी घटत होतं. चालवण्याची पद्धत वाईट असती तर दोन्ही बेल्ट जवळपास सारखेच टिकले असते. आत काहीतरी उत्तरोत्तर बिघडत चाललं होतं.

मुलाला मी बराच वेळ प्रश्न विचारले. थरथर कधी जास्त असते? पहाटे, पहिल्या दोन-तीन सिग्नलांना, आणि गाडी एखादा दिवस उभी राहिली असेल तर फारच. मग कमी होते? गरम झाली की कमी होते, पण तेव्हा उचल जाते. रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र जागेवरच रेंगाळते आणि मग एकदम ओढते. सेंटर स्टँडवर लावून रेस दिली तर? “स्टँडवर मस्त फिरतंय, भाऊ. म्हणून तर मागच्या गॅरेजवाल्यानं काही नाही म्हणून सांगितलं.”

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि पुढची सगळी दिशा तिच्यामुळे ठरली. “पावसात गाडी बरी असते.”

पावसावरचा आळ

परळमधल्या कुठल्याही मेकॅनिकला अशी गाडी दाखवा, तो आधी हिंदमाताचं नाव घेईल. तो भाग बशीसारखा खोल आहे. महापालिकेनं पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्या, तरी मोठ्या पावसात तिथून गाडी काढायची म्हणजे पोटात गोळा येतोच. पाणी बेल्टच्या कव्हरमध्ये शिरलं की बेल्ट पुलीवर घसरतो, आणि घसरला की तापतो. मुंबईत जून-जुलैमध्ये बेल्टच्या तक्रारी वाढतात त्या याच कारणानं. त्यामुळे संशय रास्त होता.

पण तारखा जुळत नव्हत्या. बेल्ट तुटले दिवाळीआधी आणि होळीआधी. थरथर सुरू झाली मे महिन्यात, जून-जुलैमध्ये कमी झाली आणि नारळी पौर्णिमेनंतर परत आली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मावशी सुके बोंबील, जवळा, सुकट विकतात. गाडी रोज तेवढीच फिरते, रस्ते तेच, डोक्यावर पाऊस आणि चाकाखाली पाणी उलट जास्त. फरक एवढाच, की त्या दोन महिन्यांत गाडीवर ओली मासळी आणि बर्फ नसतो.

इथे पाऊस सुटला आणि संशय मासळीच्या क्रेटवर आला. तरी क्रेटचा दोष दोन प्रकारचा असू शकतो, वजनाचा किंवा पाण्याचा. सुक्या मासळीची पोती हलकी असतात, म्हणजे वजनही त्या दोन महिन्यांत कमीच. यातलं खरं कारण कोणतं, ते कव्हर उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

तुटलेला बेल्ट वाचणं

मुलानं एक फार चांगलं काम केलं होतं. दुसऱ्यांदा तुटलेल्या बेल्टचे तुकडे त्यानं डिकीत तसेच ठेवले होते. माझी सगळ्या कारागिरांना कळकळीची विनंती आहे, तुटलेला बेल्ट कचऱ्यात टाकू नका, गिऱ्हाइकालाही टाकू देऊ नका. आत काय घडलं याचा सगळा पुरावा त्याच्यावर असतो.

या बेल्टच्या दोन्ही उतरत्या बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या. चांगल्या बेल्टची बाजू मळकट, खरखरीत असते. चकाकी म्हणजे घसरण, तीही पुष्कळ वेळ चाललेली. आतल्या दात्यांच्या खाचांमध्ये आडव्या चिरा होत्या, म्हणजे उष्णता. तुटलेल्या टोकाला आतल्या दोऱ्या लांब-लांब बाहेर आल्या होत्या, फांदी मोडल्यासारख्या. बसवताना स्क्रूड्रायव्हरनं खेचल्यामुळे आतली दोरी दुखावली असती तर बेल्ट बहुधा एका रेषेत तुटला असता. बेल्टवर तेलाचा फुगवटा किंवा चिकट मऊपणा नव्हता, त्यामुळे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, ऑइल सीलवरचा संशयही मी मागे ठेवला.

आणखी एक खूण मी मुद्दाम शोधली. ती नव्हती, आणि ती नसणंही उपयोगी पडलं. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये हीच यंत्रणा असते, पुढे-मागे दोन पुल्या आणि मध्ये रबरी बेल्ट. फरक असा, की तिथे मागे वेगळा क्लच शू, म्हणजे रेस वाढली की बाहेर फाकून चाकाला जोर देणारी घासपट्टी, नसतो. इंजिन मंद असताना पुढची पुली बेल्टला सैल सोडते आणि रेस वाढली की दाबून धरते. गाडी सुटण्याचा सगळा ताण बेल्टवर येतो. गाडीखालचा, बर्फावर चालणारा पट्टा गोठून अडकला असताना रेस दिली, तर पुढची पुली बेल्टच्या एकाच जागी फिरत राहते आणि तिथे बेल्ट जळून कमरेसारखा बारीक होतो. स्कूटरमध्ये असं जळणं क्वचित दिसतं, मागची पुली पूर्ण अडकली तरच. आमचा बेल्ट सगळीकडे सारखा झिजलेला होता. म्हणजे मागची पुली अडकलेली नव्हती, फिरत होती, आणि बेल्ट चालत्या गाडीत घसरत होता.

नकली मालाचा मुद्दाही तपासला. आधी तुटलेला बेल्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला लोकल होता, हे मावशींनी सरळ सांगितलं. पण दुसरा कंपनीचा होता. त्याचं खोकं आणि पार्ट नंबर दोन्ही जागेवर होते, आणि तोच लवकर तुटला होता.

कव्हर उघडल्यावर

बेल्टच्या कव्हरमध्ये काळी कोरडी भुकटी असणं नेहमीचं आहे. इथे भुकटी नव्हती, लगदा होता, आणि लगद्याच्या कडेनं पांढरी खपली धरली होती. वासावरूनच निम्मं कळलं. खपलीचा एक तुकडा स्वच्छ पाण्यात टाकला. थोडा भाग विरघळला, थोडी पांढरी पूड तळाला राहिली. वरचं पाणी ताटलीत वाळवलं तेव्हा खडे उरले. विरघळलं ते मीठ, तळाला राहिलेली पूड म्हणजे खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं ॲल्युमिनियम. बर्फ वितळतो, मासळीच्या अंगावरचं खारं पाणी त्यात मिसळतं आणि ते क्रेटमधून गळत राहतं.

कव्हरच्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूनं, रबर घासल्याच्या काळ्या रेघा होत्या. तिथे बेल्ट पोचायलाच नको. पोचला याचा अर्थ कधीतरी तो सैल पडून फडफडत होता. ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण या यंत्रणेत बेल्ट इतका सैल पडायचा मुख्य रस्ता एकच, मागची पुली वेळेवर न मिटणं.

हे नीट समजायला यंत्रणा थोडी उलगडावी लागेल. पुढची पुली, म्हणजे व्हेरिएटर, क्रँकवर बसते. तिच्या सरकत्या तबकडीमागे सहा रोलर असतात. इंजिन वेगानं फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात आणि तबकडीला ढकलतात, त्यामुळे पुढची पुली मिटते आणि बेल्ट तिच्यावर वर चढतो. बेल्टची लांबी बदलत नाही, म्हणून मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो आणि मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात. तोच वरचा गिअर. गाडी थांबली की उलटं व्हायला हवं. रोलर आत येतात, पुढची पुली उघडते, आणि मागची जाड स्प्रिंग मागच्या तबकड्यांना जोरात मिटवते. मागच्या पुलीत तिरक्या खाचा आणि पिना असलेला टॉर्क कॅमही असतो. वजन पडलं, चढ आला की तो पुलीला आणखी घट्ट मिटवतो, म्हणजे बेल्ट घसरत नाही आणि गाडी आपोआप खालच्या गिअरला येते. ही कल्पना जुनी आहे. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीनं १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी मोटारच आणली होती, आणि आपल्याकडे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडानं हा प्रकार घराघरात पोचवला.

तर आमच्या गाडीची मागची पुली बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी तबकड्या फाकवून सोडल्या. चांगली पुली खट्‌कन मिटते. ही अर्ध्यात थांबली, मग करकरत सावकाश सरकली. दुसऱ्यांदा फाकवली तर अर्ध्यातच अडकून बसली.

आता जे घडत होतं ते सगळं सरळ दिसायला लागलं. गाडी सिग्नलला थांबते. पुढची पुली उघडते, पण मागची मिटत नाही. बेल्ट मधल्या मध्ये सैल लोंबतो, कव्हरला घासतो. सिग्नल सुटल्यावर मुलगा रेस देतो तेव्हा पुढची पुली सैल बेल्टवर नुसती घसरते. बेल्ट पकड घेतो तेव्हाही मागची पुली अर्धी उघडी असल्यानं गाडी वरच्या गिअरमध्येच सुटते. चार पायऱ्यांचं काम क्लचला एका दमात करावं लागतं, म्हणून शू बेलवर, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या लोखंडी वाटीवर, बराच वेळ घासतात. बेल्ट आणि क्लच एकाच वेळी जळत होते, एकाच कारणानं. स्टँडवर मात्र चाकाला भार नसतो, त्यामुळे सगळं सुरळीत वाटतं. आधीच्या गॅरेजला काही सापडलं नाही ते यामुळे.

मागची पुली आत काय सांगते

इथे एक सावधगिरीची सूचना, आणि ती मी अगदी गांभीर्यानं देतोय. क्लचच्या मधला मोठा नट सोडताना मागची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. स्प्रिंग दाबून धरणारं साधन नसेल तर तो नट सोडू नका. नट सुटला की क्लच प्लेट तोंडावर येऊ शकते. हे काम घरच्या घरी यूट्यूब बघून करायचं नाही.

आत गेल्यावर टॉर्क कॅमच्या खाचांमधलं ग्रीस तपकिरी, वाळलेल्या चिखलासारखं झालं होतं. पिनांच्या लोळणाऱ्या नळ्या फिरत नव्हत्या, आणि त्या जिथे थांबत होत्या तिथे खाचेच्या कडेला पायरी पडली होती. पुली जिच्यावर सरकते त्या नळीवर गंजाचे ठिपके होते. सील कडक झालेले. त्यांच्यातूनच खारं पाणी आत जात होतं आणि ग्रीस बाहेर. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर उघड्या डोळ्यांना बुटकी दिसत होती. सततच्या उष्णतेनं ती बसली होती.

क्लच बेलच्या आत निळसर डाग होते, म्हणजे लोखंड भरपूर तापलेलं. बाकीच्या भागावर बारीक गंज. पहाटेच्या थरथरीचा उलगडा इथे झाला. रात्रभर खारट ओल राहिली की बेलवर गंजाचा पापुद्रा येतो, पहिल्या काही सुटण्यांत शू तो खरवडून काढतात, आणि तोवर गाडी थरथरते. तीन शूंपैकी एक त्याच्या पिनवर अडकला होता, त्यामुळे भार दोघांवरच होता. ते दोन पातळ झालेले, तिसरा जवळपास कोरा.

पुढच्या पुलीच्या तबकड्या डागळलेल्या, पण नखानं तपासल्यावर पायरी लागली नाही. रोलरना सपाट बाजू पडल्या होत्या. ते या प्रकरणातले दुय्यम आरोपी. बदलायचेच, पण बेल्ट त्यांच्यामुळे तुटला नव्हता.

पाणी आत कुठून येतं

कारण सापडलं तरी वाट सापडायला हवी होती. बेल्टचं कव्हर बंद असतं, पण पूर्ण बंद ठेवता येत नाही. बेल्ट गार राहायला वारा लागतो, आणि पुढच्या पुलीच्या स्थिर तबकडीवर पात्या असतात त्या वारा आत ओढतात. डाव्या बाजूनं, पायफळीच्या मागच्या कोपऱ्याखाली, एका रबरी नळीतून ती हवा येते.

मुलाला म्हटलं, रोज लावतोस तसा क्रेट पायफळीवर लाव. क्रेटमध्ये बर्फ घातला आणि हळदीचं पाणी ओतलं, म्हणजे माग काढता येईल. गाडी साइड स्टँडवर असते तेव्हा डावीकडे कलते. पिवळं पाणी मॅटच्या कडेनं मागे सरकलं, डाव्या पॅनलच्या फटीतून खाली उतरलं आणि थेट त्या रबरी नळीवर पडायला लागलं. नळी वरून उभी चिरलेली होती, तिची क्लिपही गायब होती. मासळी विकताना मुलगा दर गल्लीत गाडी साइड स्टँडवर, इंजिन चालू ठेवून उभी करतो. आतल्या पात्या त्या वेळी खाऱ्या पाण्याचे थेंब ओढून घेत होत्या.

हे बघून मुलानं लगेच उपाय सुचवला. नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधू. मी त्याला तिथेच थांबवलं. हवा बंद केली की मीठ थांबेल, पण बेल्ट उष्णतेनं मरेल, तोही मुंबईच्या उन्हात, वजन घेऊन, दर शंभर फुटांवर थांबत. धक्क्यावरच्या काही गाड्यांना मी अशी पिशवी बांधलेली पाहिली आहे. ती लगेच काढा.

दुरुस्ती आणि पैशांचा प्रश्न

मावशींनी हिशोब विचारला आणि तो विचारायलाच हवा. रोजच्या विक्रीवर घर चालतं, गाडी बंद तर धंदा बंद. मी सामान दोन ढिगांत मांडलं. न बदलता चालणारच नाही ते एका बाजूला: बेल्ट, मागच्या पुलीची सरकती तबकडी, तिच्या पिना, नळ्या आणि सील, स्प्रिंग, क्लच शूचा पूर्ण संच, बेल, रोलरचा संच, हवेची रबरी नळी आणि क्लिप. दुसऱ्या ढिगात जे साफ करून वाचतं ते: पुढच्या पुलीच्या दोन्ही तबकड्या, मागची स्थिर तबकडी, कव्हर. बेल घासून वापरता येईल का, असं मावशींनी विचारलं. निळा डाग पडलेल्या जागी लोखंड कडक झालेलं असतं, वरवर घासून ते जात नाही आणि थरथर परत येते. म्हणून बेल बदलायचीच, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एवढंच म्हणाल्या, “करा. पण जुनं सगळं मला परत द्या, मी बघणार.” दिलं. गिऱ्हाइकाला जुने भाग द्यावेतच, मागितले नाहीत तरी.

बसवताना तीन गोष्टी मी डोळ्यांत तेल घालून करतो. टॉर्क कॅमच्या खाचेत उष्णता सोसणारं ग्रीस बेतानंच भरायचं. जास्त झालं की गरमीत ते उडून तबकड्यांवर येतं आणि नवा बेल्ट पुन्हा घसरतो. रोलर कोरडेच ठेवायचे. तबकड्यांना आणि बेल्टला ग्रीसचे हात लागू द्यायचे नाहीत. बेल्ट पेट्रोल-रॉकेलनं पुसायचा नाही, तबकड्या मात्र ब्रेक क्लीनरनं कोरड्या करायच्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पुढचा नट कसायच्या आधी मागची पुली हातानं फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबून ठेवायचा, म्हणजे पुढे बेल्टला ढील मिळते. हे केलं नाही तर पुढच्या तबकडीखाली बेल्ट चिमटतो. नट घट्ट लागलाय असं वाटतं, पण तो बेल्टवर घट्ट असतो. गाडी थोडी चालली की बेल्ट सुटतो, नट सैल होतो आणि क्रँकचे दाते खराब होतात, मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नट टॉर्क रेंचनं कसायचा, हातोडी मारून नाही. बेल्टवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना बेल्ट फिरतो त्या दिशेनं.

क्रेटची जागाही बदलली. पायफळीवरून तो मागच्या कॅरिअरवर नेला, खाली कडा असलेला पत्र्याचा ट्रे बसवला आणि ट्रेच्या उजव्या कोपऱ्याला नळी लावून पाणी उजवीकडे, चाकाच्या मागे सोडलं. सायलेन्सरवर पडू नये म्हणून नळी थोडी लांब ठेवली. वजन मागे गेल्यानं पुढचं चाक हलकं होतं. मुलाला गाडी वळवताना ते जाणवेल, म्हणून क्रेट पूर्वीपेक्षा कमी भरायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मावशींना ते फारसं आवडलं नाही. त्यांच्या दृष्टीनं एक फेरी वाढते. पण त्या गाडीला तेवढंच झेपतं.

नव्या बेल्टला आणि शूला सुरुवातीचे काही दिवस एकदम पूर्ण रेस द्यायची नाही, हेही सांगितलं. चकचकीतपणा पहिल्या दिवसांतच येऊ शकतो.

नंतरची तपासणी

४,००० किलोमीटरला, म्हणजे मागचा बेल्ट जवळपास जिथे तुटला होता तिथे, मी कव्हर मुद्दाम उघडलं. भुकटी काळी आणि कोरडी होती. खपली नाही. बेल्टच्या बाजू मळकट, खरखरीत, रुंदी मोजली तर झीज जेमतेम. कव्हरच्या आतल्या जुन्या रेघा मी पहिल्यांदा घासून काढल्या होत्या, तिथे नव्या उमटलेल्या नव्हत्या. मागची पुली हातानं फाकवून सोडली तेव्हा खट्‌कन मिटली. बेलवर निळा डाग नाही. पहाटेची थरथर गेली, असं मुलगा सांगतो.

एक गोष्ट मात्र उरली आहे. मागच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टजवळ, क्लचच्या मागच्या बाजूला, सीलच्या कडेला हलकी ओल दिसली. आत्ता ती थेंब धरण्याइतकी नाही. पण तिथून गिअर ऑइल बाहेर पडलं तर ते बेलवर आणि बेल्टवर जाईल, आणि या वेळी कारण वेगळं असलं तरी घसरण तशीच सुरू होईल. बहुधा खाऱ्या पाण्यानं शाफ्टच्या कडेला खड्डे पडले असावेत. मावशींना सांगून ठेवलंय, की मासेमारी बंद असताना, जूनमध्ये, गाडी दोन दिवस माझ्याकडे सोडा. तेव्हा सील बदलतो आणि शाफ्ट बघतो. तोवर दर रविवारी मुलानं कव्हरच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघायचं. बोट तेलकट झालं तर जूनची वाट बघायची नाही.

धक्क्यावर मासळी वाहणाऱ्या इतरांनाही हेच सांगतो. गाडी साइड स्टँडवर उभी करा, क्रेटखाली पाणी ओता आणि ते डाव्या बाजूला कुठे उतरतं ते बघा. रबरी नळी चिरलेली असेल तर तीच आधी बदला. तिची किंमत बेल्टच्या तुलनेत नगण्य आहे.